६ एकर, ९ फुटी द्राक्षबाग, वडील ६६ वर्षांचे: छोटा ट्रॅक्टर घ्यावा का?

सीनाकाठ (उत्तर सोलापूर)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसता वाचतो आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आमची ६ एकर जमीन, काळी, सीना नदीच्या अलीकडं. २ एकर द्राक्ष, मांडव पद्धत, लागण ९ बाय ५. दीड एकर डाळिंब, १४ बाय १०. उरलेल्यात ज्वारी आणि तूर. मी सोलापुरात नोकरीला आहे, रविवारी आणि सुट्टीला शेतात जातो. रोजचं सगळं अण्णा बघतात. त्यांचं वय ६६. बैलजोडी दोन वर्षांपूर्वी विकली, कारण गडी टिकत नाही आणि त्यांच्याच्यानं वैरण-पाणी होईना.

तेव्हापासून भाड्याच्या ट्रॅक्टरवर चाललंय. नांगरटीला, पाळीला दोन दिवस इकडं तिकडं झाले तर चालतं. फवारणीला चालत नाही. यंदा सप्टेंबरात सीनेला पूर आला. आमच्या रानात पाणी शिरलं नाही, पण चिखल हटता हटेना. ऑक्टोबर छाटणी केली आणि फूट निघाल्यावर परत पाऊस. ब्लोअरवाल्याला (ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरवरचं पंख्याचं फवारणी यंत्र) सकाळी फोन केला, तो चौथ्या दिवशी आला. आल्यावर त्याचा ट्रॅक्टर दुसऱ्याच ओळीत रुतला. तोवर डाऊनी (केवडा रोग) घडांवर गेली होती. अर्धा एकर हातचं गेलं. अण्णा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी बांधावर बसून राहिले, जेवायलाही हाक मारून उठवावं लागलं. ते दृश्य डोळ्यांपुढून जात नाही.

आता एप्रिलच्या खरड छाटणीच्या आत काहीतरी ठरवायचंय. ६ एकराला स्वतःचा छोटा ट्रॅक्टर परवडतो का? किती एचपीचा? टू व्हील की फोर व्हील (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारा)? नवा की जुना? हातात २ लाख आहेत, बाकी कर्ज. सगळं मिळून ५ लाखांच्या वर जायची ताकद नाही.

——

कासेगावचा_द्राक्षवाला

घ्या. आणि एचपीच्या आधी टेप घेऊन बागेत जा. दोन ओळींत ९ फूट आहेत हे कागदावर. ओलांडे (वेलीचे आडवे फाटे), लोंबलेल्या काड्या, ड्रीपची नळी, वरंबा धरून मोकळी जागा किती उरते ते मोजा. आमच्यात ९ फुटांतली साडेपाच-सहा फूटच खरी मोकळी असते. छोटा ट्रॅक्टर तीन-साडेतीन फूट रुंद, म्हणजे आरामात जातो. मांडवाची उंचीही मोजा. अण्णा सीटवर बसल्यावर डोकं तारेला लागता कामा नये.

दुसरं, ओळीच्या शेवटी वळायला जागा किती आहे? मांडवाच्या कडेच्या ताणाच्या तारा जमिनीत जिथं पुरल्यात, तिथून बांधापर्यंत मोजा. बारा-पंधरा फूट नसेल तर मागं ओढायचा ब्लोअर वळणार नाही. मग ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टवर उचलायचाच घ्यावा लागेल. आमच्या गावात एकानं आधी ब्लोअर घेतला आणि नंतर दोन ओळी काढून टाकल्या.

काळ्या रानात द्राक्ष असेल तर फोर व्हीलच. यात मला दुसरं मत नाही. नांगरायला वाफसा येईपर्यंत थांबता येतं. डाऊनी थांबत नाही. पाऊस उघडल्यावर त्याच दिवशी आत शिरता आलं पाहिजे, त्यासाठीच हे पैसे द्यायचे.

——

माणकाठ (सांगोला)

वरच्या भाऊंचं द्राक्षाबद्दल पटलं. डाळिंबाबद्दल मी हात जोडून सांगतो, ट्रॅक्टर आला म्हणून बागेत रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) फिरवू नका.

डाळिंबाची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या थरात असतात. रोटाव्हेटर खोडाजवळून गेला की ती तुटतात, आणि तुटलेल्या जागेतून मर रोगाची बुरशी आत शिरते. सूत्रकृमी असतील तर आणखीच. मी २०१६ ला छोटा ट्रॅक्टर घेतला आणि हौसेनं दर महिन्याला बाग लोण्यासारखी करायचो. येणारे जाणारे म्हणायचे काय बाग ठेवलीय! तिसऱ्या वर्षी ओळीनं झाडं पिवळी पडायला लागली. ४०० झाडांतली ११० काढली. सगळी मर रोटाव्हेटरमुळेच असं म्हणत नाही, खोडकिडाही होता. पण ज्या कडेला ट्रॅक्टर वळायचा तिथं मर जास्त होती, हे मी स्वतः मोजलंय.

आता बागेत फक्त ब्लोअर जातो आणि मधल्या पट्ट्यातलं गवत कापायचं यंत्र. खोडाजवळ खुरपं. तुम्हाला केगावचं डाळिंब संशोधन केंद्र हाताच्या अंतरावर आहे. एकदा मुळी आणि माती घेऊन जाऊन या.

——

हिशोबी_मास्तर

मी जरा उलट बोलतो, राग मानू नका.

ट्रॅक्टर हे नुसतं इंजिन आहे, काम अवजार करतं. तुमच्या ५ लाखांत नवा २४ एचपीचा फोर व्हील ट्रॅक्टरही धड बसत नाही. त्यावर ब्लोअर, फण, निदान एक रोटाव्हेटर, छोटी ट्रॉली. हे धरलं की आकडा ८ लाखांकडं जातो. त्यातले ६ लाख कर्ज. ६ एकरावर.

तास मोजा. २ एकर द्राक्षाला एका फवारणीला फार तर तासभर. डाळिंबाला अर्धा-पाऊण तास. नांगरट तुम्ही तरीही मोठ्या ट्रॅक्टरनंच करणार, कारण छोट्याला पलटी नांगर काळ्या रानात ओढत नाही. वर्षाला १५० तास भरले तरी पुष्कळ. बाकी दिवस ट्रॅक्टर पत्र्याखाली उभा, आणि हप्ता मात्र दर सहा महिन्यांनी दारात.

त्याऐवजी भावकीतल्या तिघा-चौघांनी मिळून एक घ्या.

——

कासेगावचा_द्राक्षवाला

मास्तर, तास बरोबर मोजलेत. पण भाव तासाचा नसतो, दिवसाचा असतो. आमच्या वहीत मागच्या हंगामात ६८ फवारण्या आहेत. त्यातल्या पन्नास चार तास पुढंमागं झाल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. उरलेल्या १८ त्याच सकाळी व्हायला पाहिजे होत्या. धागाकर्त्याचं अर्धा एकर गेलं, त्याची किंमत तुमच्या हिशोबात कुठल्या रकान्यात?

आणि चौघांत मिळून ट्रॅक्टर? चौघांची बाग एकाच आठवड्यात छाटलेली, चौघांना त्याच सकाळी ब्लोअर पाहिजे. नांगराला भागी चालते, फवारणीला चालत नाही.

——

हिशोबी_मास्तर

हे मान्य. भागीची सूचना द्राक्षासाठी मागं घेतो. कर्जाच्या आकड्याबद्दल माझं मत कायम आहे.

——

खिल्लार (मंगळवेढा)

सगळे ट्रॅक्टर ट्रॅक्टर करालेत म्हणून आमचं बी ऐका. आमच्याकडं १४ एकर कोरडवाहू, सगळी मालदांडी ज्वारी. पोरानं मिनी ट्रॅक्टर घेतलाय, मी नको म्हटलं नाही. पण ज्वारीची कोळपणी अजून खिल्लार जोडीनंच. दीड फुटाच्या ओळीत ट्रॅक्टरचं चाक कुठं घालता? बैल ओळीतनं असा जातो की धाट हलत न्हाई. आणि आमची काळी जमीन चाकानं दबली की मुळी खालच्या ओलीपर्यंत जात न्हाई. रब्बीत पाऊस नसतो, पीक त्या धरून ठेवलेल्या ओलीवरच येतंय.

ट्रॅक्टर घ्या, पण ज्वारीच्या रानात त्याला पेरणीपुरताच घाला. कोळपायला शेजारची जोडी सांगा. रोज जास्त पडला तरी द्या.

——

होटगी_रोड

मामा, जोडी सगळं करते पण ब्लोअर तेवढा ओढत नाही बघा :)

——

खिल्लार (मंगळवेढा)

खरंय लेका. म्हणूनच नको म्हणालो न्हाई.

——

अक्षता_बार्शी

सीनाकाठ दादा, एक प्रश्न कोणीच विचारला नाही: चालवणार कोण? तुम्ही रविवारी. डाऊनी मंगळवारी आली तर?

मी स्वतः चालवते. मिस्टर पुण्याला कंपनीत, सासूबाई घरी, साडेतीन एकर द्राक्ष. २०२१ ला २४ एचपीचा फोर व्हील घेतला. घेताना शोरूममधला माणूस सगळं मिस्टरांना सांगत होता, आणि मी सीटवर बसून क्लच दाबून बघत होते. माझी उंची पाच फूट एक इंच. दोन कंपन्यांच्या गाड्यांवर क्लच पूर्ण दाबायला मला सीटवरून घसरावं लागत होतं. तिसरीवर नीट बसलं, तीच घेतली. पाठीत दुखत नाही, कारण क्लच हलका आहे आणि स्टेअरिंग पॉवरचं आहे.

अण्णांना दुकानात न्या. चढता-उतरताना गुडघा किती वर जातो बघा. लिफ्टचा दांडा मागं न वळता हाताला येतो का बघा. मांडवाखाली वाकून दोन तास बसायचंय. मग मी सांगते, ते ज्याच्यावर बसून हसतील तो घ्या.

आणि आई असतील तर त्यांनाही शिकवा. माझ्या सासूबाई आता ट्रॅक्टर सुरू करून गोठ्यापासून बागेपर्यंत आणतात.

——

सीनाकाठ (उत्तर सोलापूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. अक्षता ताई, तुमचा प्रतिसाद अण्णांना वाचून दाखवला. "सासूबाई चालवतात?" असं दोनदा विचारलं. आई आतून म्हणाली, "मी पण चालवेन."

टेप घेऊन मोजलं. मोकळी जागा सव्वापाच फूट. मांडव साडेपाच फुटांवर. वळायला एका बाजूला १४ फूट, विहिरीच्या बाजूला फक्त ९. म्हणजे उचलायचा ब्लोअर.

मास्तर, तुमचा आकडा डोक्यात बसलाय. म्हणून जुन्याचा विचार करतोय. जुना बघताना काय बघायचं?

——

गॅरेज_टेंभुर्णी

२२ वर्षं ट्रॅक्टर खोलतोय, सांगतो.

पहिलं कागद. आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा आहे का बघा. असला तर ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. चेसिस नंबर स्वतः गाडीवर घासून वाचा.

मग गाडी. सकाळी थंड असताना जा आणि मालकाला आधी सांगू नका, नाहीतर तो तापवून ठेवतो. थंडीत एका सेल्फला उठली पाहिजे. चालू झाल्यावर ऑइल ओतायचं झाकण काढा. तिथनं भकाभका धूर आला तर रिंगा-लायनर गेलेत, खर्च तुमचा. लिफ्टला अवजार अडकवून उचला, इंजिन बंद करा आणि बाजूला उभे राहून चहा प्या. चहा संपेपर्यंत अवजार जमिनीला टेकलं तर लिफ्टचं काम आहे. पीटीओ शाफ्टचे (इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणारा फिरता दांडा) दाते हात लावून बघा, धारदार झाले असतील तर त्यावर लई ब्लोअर-रोटाव्हेटर चाललाय. पुढची चाकं हातानं हलवा. फोर व्हील असेल तर पुढच्या एक्सलच्या सीलमधनं तेल गळतंय का वाकून बघा. बागेत चाललेल्या गाडीचं हेच आधी जातं, कारण चिखल आणि ड्रीपची दोरी तिथंच गुंडाळते.

तासांच्या मीटरवर विश्वास ठेवू नका. क्लच-ब्रेकच्या पायट्यावरचं रबर बघा. मीटर ६०० तास म्हणत असेल आणि रबर गुळगुळीत असेल तर समजून जा.

एक चांगली गोष्ट सांगतो. १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना लागू झाले, छोट्यांना तेव्हा नाहीत. त्यामुळं जुन्या छोट्या गाडीत साधा पंप-नोझल आहे. गावातला मिस्त्री खोलू शकतो, लॅपटॉप लागत न्हाई.

——

वाफसा

१५ एचपीचं कोणी बोललंच नाही. माझ्याकडं सिंगल सिलिंडर १५ एचपी टू व्हील आहे, अडीच एकर ऊस आणि भाजीपाला. डिझेल फार कमी खातो, हलक्या कामाला तासाला सव्वा लिटरच्या आसपास. साडेचार-पाच फुटी सरीत उसाची भरणी याच्यानं होते. पूर्वीच्या तीन फुटी सरीत चाक बसत नव्हतं, म्हणून लागणच रुंद केली. महिंद्रा युवराज २१५, स्वराज ७१७ हे याच वर्गातले. २४ च्या वर्गात कुबोटा बी२४४१ आणि महिंद्रा जिवो २४५ फोर व्हीलमध्ये येतात, बागायतदारांत तेच जास्त दिसतात.

पण धागाकर्त्यासाठी १५ नको असंच मी म्हणेन. ५०० लिटरचा उचलायचा ब्लोअर म्हणजे पाण्याचेच ५०० किलो, वर पंखा आणि सांगाडा. १५ ची गाडी बांधावर चढताना पुढची चाकं उचलते आणि स्टेअरिंग फिरवून काही होत नाही. मी २०० लिटरवर भागवतो, दर दहा ओळींना टाकी भरायला परत यावं लागतं. २४ वर सुद्धा पुढं वजनं लावल्याशिवाय ५०० लिटर भरू नका.

——

भीमेकाठी

पुराचा विषय निघालाच आहे तर सांगतो. सप्टेंबरात आमचा ट्रॅक्टर दोन दिवस सीटपर्यंत पाण्यात होता. पाणी उतरल्यावर घाईनं किल्ली फिरवली ती माझी चूक. सिलिंडरमध्ये पाणी होतं, कनेक्टिंग रॉड वाकला.

बुडलेली गाडी चालू करायची नाही. आधी बॅटरी काढा. इंजिन, गिअरबॉक्स, पुढचा एक्सल सगळ्यांतलं तेल काढा. दुधासारखं पांढरं आलं की पाणी गेलंय. डिझेलची टाकी रिकामी करा, नोझल काढून इंजिन हातानं फिरवा, पाणी बाहेर येऊ द्या. मग नवं तेल घालून थोडं चालवा आणि तेही बदला. सीनाकाठ भाऊ, तुमचं शेड नदीकडं असेल तर ते आधी वर हलवा. ट्रॅक्टर नंतर.

——

बोरामणी_पाटी

अनुदानाचं कुणी लिहिलं नाही. महाडीबीटीवर कृषी यांत्रिकीकरणात अर्ज करा. अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना किमतीच्या ५० टक्के, जास्तीत जास्त सव्वा लाख. बाकीच्यांना ४० टक्के, जास्तीत जास्त १ लाख. शेतकरी ओळख क्रमांक लागतो. पूर्वसंमती यायच्या आत खरेदी केली तर अनुदान गेलं. जुन्या ट्रॅक्टरला मिळत नाही, पण ट्रॅक्टरची आरसी घरातल्याच्या नावावर असली की पुढं ब्लोअर-रोटाव्हेटरला अर्ज करता येतो.

शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. टायर आणि सुट्या भागांवरचा १८ होता, तोही ५. म्हणजे नव्याची किंमत उतरलीय. जुन्या गाडीचा मालक जुन्या किमतीवरून भाव सांगत असेल तर हे त्याच्या कानावर घाला.

——

कुंभारी_बचतगट

यात भर. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध बचत गटांसाठी समाजकल्याणची वेगळी योजना आहे. ९ ते १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि अवजारं, साडेतीन लाखांपर्यंतच्या किमतीवर ९० टक्के म्हणजे ३ लाख १५ हजार अनुदान, गटाचे ३५ हजार. गटात ८० टक्के सदस्य त्या प्रवर्गाचे असावे लागतात, अध्यक्ष-सचिव पण.

आमच्या दहा बायकांच्या गटाला मिळाला. आमच्यातल्या सात जणींना स्वतःची जमीन नाही. आम्ही दुसऱ्यांच्या रानात भाड्यानं पाळी घालतो, भांगलण्याऐवजी आता तासाचे पैसे घेतो. पूर्वी ज्या बांधावर खुरपं घेऊन उभं राहायचो त्याच बांधावर आता मालक विचारतो, "ताई, तुमचा नंबर कधी लागेल?" ट्रॅक्टर परवडतो का या प्रश्नाला आमचं उत्तर हे आहे.

——

अक्षता_बार्शी

ताई, वाचून फार बरं वाटलं. चालवतं कोण तुमच्यात?

——

कुंभारी_बचतगट

दोघी. तिसरी शिकतेय. लायसन्स काढलं, हलक्या वाहनाचं चालतं.

——

माणकाठ (सांगोला)

इतकं सगळं झालं, आता मला जे लिहायचं होतं ते लिहितो.

माझ्या चुलत्यांचा उजवा हात नाही. पीटीओचा शाफ्ट फिरत असताना ते ब्लोअरचा नळ बंद करायला वाकले आणि खांद्यावरचा उपरणं-टॉवेल शाफ्टमध्ये गेला. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ओरडायला वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण फुटलं होतं आणि "नंतर बघू" म्हणून तसंच चाललं होतं.

दादा, अण्णा धोतर नेसत असतील, आई साडी नेसत असतील. शाफ्टवर आवरण नसेल तर ट्रॅक्टर त्या दिवशी बागेत नेऊ नका. खाली उतरायचं तर आधी पीटीओ बंद. नातवंडांना मडगार्डवर बसवून चक्कर मारायची नाही. सीट एकाच माणसाची आहे. डावा-उजवा ब्रेक वेगळा असतो, बागेत वळायला तो उपयोगी. रस्त्यावर यायच्या आधी दोन्ही पायटे पट्टीनं जोडा. नाहीतर वेगात एकच दाबला गेला की गाडी उलटते.

हे लिहिताना हात थरथरतोय. पण लिहायलाच पाहिजे होतं.

——

खिल्लार (मंगळवेढा)

लिहिलंत ते बरं केलंत. पोराला वाचायला लावतो.

——

होटगी_रोड

मी पण आताच जाऊन आमचं आवरण बघून आलो. खालच्या टोकाला चीर आहे. उद्या बदलतो.

——

सोलापुरी_हुरडा

विषय जड झालाय, जरा बाजूला जातो. मास्तर, खिल्लार मामा, गड्डा यात्रेला सोलापुरात येणार असाल तर आमच्या रानात हुरड्याला या. गुळभेंडी यंदा छान भरलीय. शेंगाची चटणी घरची, दही घरचं.

——

हिशोबी_मास्तर

मी नक्की. मामांना घेऊन येतो, बाहेर कर्जावर बोलू :)

——

सीनाकाठ (उत्तर सोलापूर)

तीन आठवड्यांनी लिहितोय. मधे सहा गाड्या बघितल्या.

पहिल्या जुन्या गाडीचा मीटर ७१० तास, पायट्यांवर रबर शिल्लकच नव्हतं. गॅरेजवाले दादा, परत फिरलो. दुसऱ्यावर फायनान्सचा बोजा होता, मालक म्हणाला "नंतर काढून देतो". तिथूनही परत. मग नव्याकडं वळलो. एका दुकानात गाडीसोबत म्हणून यादीत जी अवजारं लिहिली होती ती मिळणारच नव्हती, ते बिल होईपर्यंत कळलं नसतं. सही केली नाही.

शेवटी माळशिरस तालुक्यातल्या एका गुरुजींचा २४ एचपी फोर व्हील, २०२० चा, १३०० तासांचा ठरला. ते बाग काढून टाकतायत, मुलं बाहेरगावी. सकाळी सहाला, न सांगता गेलो. एका सेल्फला उठला. लिफ्टवर रोटाव्हेटर उचलून चहा घेतला, दुसरा चहा घेतला, रोटाव्हेटर जागेवर होता. सोबत ४०० लिटरचा उचलायचा ब्लोअर. सगळं मिळून ४ लाख ६० हजार. कर्ज २ लाख ६०. मास्तर, तुमच्या ६ च्या निम्म्याहून खाली आणलंय.

रोटाव्हेटर घेतला नाही. माणकाठ दादांचं ऐकलं. नांगरट आणि पाळी पूर्वीसारखी भाड्यानं, ज्वारीला शेजारची जोडी. हा ट्रॅक्टर फवारणीचा आणि शेणखत वाहायचा.

अण्णा गाडीवर चढले, लिफ्टचा दांडा दोनदा वरखाली केला, क्लच दाबला. हसले नाहीत, अक्षता ताई. उतरून गुरुजींना म्हणाले, "तुमचा हात लई नीट हाय हो गाडीवर." अण्णांना ओळखणाऱ्याला त्याचा अर्थ कळेल.

गुरुजींनी किल्ली देताना सीटखालून एक वही काढून दिली. २०२० पासूनचा प्रत्येक ऑइल बदल तारखेनिशी लिहिलाय.

दोन शंका आहेत. एक, सायलेन्सर वरच्या बाजूला आहे, मांडवाखाली पानं भाजतील का? दोन, अण्णा म्हणतात मागच्या टायरात पाणी भर, पकड येते. भरावं का?

——

गॅरेज_टेंभुर्णी

अभिनंदन! त्या वहीची किंमत गाडीपेक्षा जास्त समजा, पुढं तुम्ही पण लिहीत जा.

उभा सायलेन्सर मांडवात चालणार नाही, कोवळी फूट करपते. बाजूनं खाली वाकवलेला नळ मिळतो, तासाभराचं काम. तोंड मात्र डिझेलच्या नळीकडं किंवा अण्णांच्या पायाकडं येऊ देऊ नका. आणि उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो तेव्हा रेडिएटरच्या जाळीतला भुसा रोज संध्याकाळी हवा मारून काढा. बागेतली वाळलेली पानं तिथंच चिकटतात.

——

वाफसा

पाण्याचं मी सांगतो. मागचं चाक जॅकवर उचला, व्हॉल्व्ह घड्याळातल्या १२ च्या जागी आणा आणि व्हॉल्व्हमधनं पाणी परत यायला लागेपर्यंत भरा. साधारण तीन चतुर्थांश भरतं. उरलेल्या जागेत हवा. पण पाणी मागं वजन वाढवतं. तुमचा ब्लोअरही मागंच आहे. म्हणून आधी पुढची वजनं लावा, दोन फवारण्या पाणी न भरता करून बघा. फोर व्हील आहे, बहुतेक गरज पडणार नाही, आणि काळं रान जेवढं कमी दाबाल तेवढं बरं.

——

सीनाकाठ (उत्तर सोलापूर)

ठीक. पुढची वजनं सोमवारी आणतो. नळ वाकवून घेतो. पीटीओचं आवरण नवं घेतलंय, ते मीच बसवलं. शेड बांधाच्या वरच्या अंगाला हलवायला माणसं सांगितलीत.

आई रोज संध्याकाळी गाडी सुरू करून गोठ्याला एक फेरी मारते. अजून दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही.